अंगावरून घेतलेला साचा

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींचा उजवा हात गेली सहा वर्षं माझ्या टेबलावर आहे. मनगटाच्या वर चार बोटं, एवढाच. पांढऱ्या प्लास्टरचा. अंगठ्याच्या मुळाशी कोयता धरून धरून पडलेला घट्टा आहे. कोळंबी सोलून तर्जनीच्या टोकाला पडलेल्या बारीक चिरा आहेत. मावशी बांगड्या काढायला तयार नव्हत्या, म्हणून त्या कोपराकडं सारून फडक्यानं बांधल्या होत्या. बांगड्यांच्या जागी कातडीवर राहिलेले गोल वळसुद्धा प्लास्टरमध्ये उतरले. करंगळीला मात्र दोन कडा आहेत, एकीला लागून दुसरी. साचा सेट होत असताना चौथ्या मिनिटाला मावशींच्या कमरेचा फोन वाजला आणि बोट हललं.

ती करंगळी घासून नीट करायला मी कितीदा तरी कानस हातात घेतली आणि दर वेळी ठेवून दिली. हे पुस्तक एका अर्थी त्या करंगळीमुळं लिहून झालं.

विषय सांगायला सोपा आहे. जिवंत माणसाच्या अंगावर मऊ लगदा लावायचा, तो घट्ट झाला की अलगद उतरवायचा, आणि आत राहिलेल्या पोकळीत प्लास्टर, सिमेंट, फायबर, मेण किंवा धातू ओतायचा. आमच्या धंद्यात याला लाइफ कास्टिंग म्हणतात. मोल्ड घेणं, कास्ट काढणं हे रोजच्या बोलण्यातले शब्द. मी साचा आणि ठसा हेच शब्द वापरणार आहे, आणि त्याला कारण आहे. मराठीत साच्याचं नाव चांगलं नाही. साचेबंद कविता, साचेबंद भाषण, एकाच साच्यातून काढल्यासारखी माणसं. ठसा मात्र मानाचा. अमक्यानं आपल्या कामाचा ठसा उमटवला, असं आपण मान देऊन म्हणतो. खरं तर ठसा साच्यातूनच निघतो. एक पोकळी, एक भरीव, आणि दोघांच्या मध्ये कातडीएवढीही जागा नसते. भाषेनं एकाला हिणवलं आणि दुसऱ्याला डोक्यावर घेतलं. या कामाकडं बघण्याची आपली नजरही तशीच दुभंगलेली आहे. नातवाच्या पावलाचा ठसा घरोघरी कौतुकानं भिंतीवर लागतो, आणि त्याच पद्धतीनं कुणी शिल्प केलं तर कलावंत मंडळी विचारतात, यात तुझं काय?

ठशाचं कौतुक आपल्याकडं जुनं आहे. ज्येष्ठागौरी घरात येतात तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं उमटवतात. पुष्कळ घरांत ती रांगोळीनं काढत नाहीत. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू ओल्या कुंकवात किंवा तांदळाच्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके द्यायचे. हात घरच्या सुनेचा, पाऊल देवीचं. माझी आई हे करायची तेव्हा मी तिच्या मागं मागं चालायचो, आणि पावलं खोलीत शिरत जायची तसतसं मला खरंच कुणी आत आल्यासारखं वाटायचं. नव्या घराच्या भिंतीवर हळदकुंकवाचे पंजे असतात. गावाबाहेरच्या सतीशिळेवर कोपरात वळलेला, बांगड्यांनी भरलेला एकच हात कोरलेला असतो. बाई कोण, कुठली, कशी होती हे सगळं पुसलं गेलं, हात राहिला. आणि आषाढी वारीला आळंदीहून, देहूहून लाखो माणसं ज्यांच्या मागं चालतात त्या पालख्यांत संतांच्या पादुका असतात. माणूस गेला तरी त्याचा स्पर्श झालेली जागा आपण सोडत नाही. लाइफ कास्टिंग हा शब्द बाहेरून आला, पण या कामाची ओढ आपल्याला नवी नाही.

माझी कामाची खोली कोपरीत, ठाणे पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला खाडी. मीठबंदर हे नाव अजून टिकून आहे. कोळीवाडा जवळ, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वस्ती जवळ, आणि श्रावणाआधीपासून ताडपत्रीखाली उभे राहणारे गणपतीचे कारखानेही जवळ. प्लास्टर कालवायला मी त्या कारखान्यांतच शिकलो. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. पाण्याच्या वर कोरडं बेट दिसू लागेपर्यंत टाकायचं, मग हात न लावता मिनिटभर थांबायचं, मग तळातून ढवळायचं, फेस न करता. घाईच्या दिवसांत म्हातारे कारागीर पाण्यात चिमूटभर मीठ टाकायचे. मिठानं प्लास्टर लवकर सेट होतं. पावसाळ्यात गोणीचं तोंड एक रात्र उघडं राहिलं तरी इथल्या हवेत प्लास्टर मरतं, गुठळ्या होतात, मग ते कितीही वेळ दिला तरी भुसभुशीतच राहतं. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं, म्हणून या पुस्तकात लिहिलं आहे.

अंगावर थेट लावायला प्लास्टर चालत नाही, अल्जिनेट लागतं. डेंटिस्ट दातांचं माप घेताना तोंडात जो गुलाबी लगदा भरतो तोच पदार्थ. समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून तो काढतात. पाण्यात कालवला की चारपाच मिनिटांत रबरासारखा होतो, कातडीला इजा करत नाही, आणि बोटाच्या पेरावरची रेघन् रेघ उचलतो. त्याचा दोष असा की तो सुकत जाईल तसा आक्रसतो, म्हणून त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला आत प्लास्टर ओतावं लागतं. आणि ठसा काढताना साचा फाडावाच लागतो. एका साच्यात एकच ठसा. अनेक प्रती हव्या असतील तर अंगाला चालणारं सिलिकॉन वापरतात, ते बरंच महाग आहे.

अल्जिनेट घट्ट होतं ते कॅल्शियममुळं. ही साधी गोष्ट मला एका बाईंच्या नुकसानीतून कळली. मे महिना होता. त्या नवव्या महिन्यात होत्या, पोटाचा साचा हवा होता. पालिकेचं पाणी गेलेलं, इमारतीच्या टाकीत बोअरिंगचं पाणी सोडलेलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. बोअरिंगचं पाणी जड, त्यात कॅल्शियम भरपूर, वर उन्हाळ्याची ऊब. पाच मिनिटं देणारं अल्जिनेट दीड मिनिटात बादलीतच गोळा झालं. घरात तेवढीच पूड होती. त्या बाई पोटाला तेल लावून बसलेल्या होत्या. त्यांची माफी मागितली, पुढच्या आठवड्याची तारीख ठरवली, आणि त्या तारखेच्या आदल्या रात्री त्या बाळंत झाल्या. बाळ छान आहे, आता शाळेत जातं. पण ते पोट पुन्हा मिळणार नव्हतं. तेव्हापासून मी फिल्टरचं पाणी भरून ठेवतो आणि माणूस यायच्या आधी वाटीभर कालवून घड्याळ लावून पाहतो.

चेहऱ्याचा साचा हे या कामातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. माणसाला झोपवलं तर गाल कानांकडं ओघळतात आणि ठशात चेहरा निजलेला नव्हे, तर पसरलेला दिसतो. म्हणून मी खुर्चीवर बसवतो. भुवया, पापण्या, केसांची कड यांना व्हॅसलिन. नाकपुड्या उघड्या. पूर्वी नाकात नळ्या घालत, आता कुणी जाणकार घालत नाही. नळी ढकलली गेली तर इजा होते आणि नाकाचा आकारही बिघडतो. माझ्यासोबत एक माणूस असा असतो की ज्यानं फक्त नाकपुड्यांकडं बघायचं, दुसरं काही करायचं नाही. बसणाऱ्याच्या हातात एक चेंडू देतो. नको वाटलं की सोडून द्यायचा. चेंडू पडला की काहीही विचारायच्या आधी आम्ही साचा उतरवतो. लगद्यावर प्लास्टर बँडेजचे तीनचार थर येतात, मेडिकलमध्ये मोडलेल्या हातासाठी मिळतं तेच. त्या कवचाची ऊब चढू लागते. डोळे मिटलेले, कान झाकलेले, तोंड बंद. आतल्या माणसाला आपला श्वास मोठ्यानं ऐकू येतो. या दहाबारा मिनिटांत मी सतत बोलत राहतो: आता अर्धं झालं, आता बँडेज लावतोय, आता फक्त थांबायचं. शेवटी सांगतो, आत तोंड वेडंवाकडं करा. कातडी आतून सुटते, फुस् असा हलका आवाज येतो, आणि चेहरा माझ्या ओंजळीत येतो, उलटा.

त्या दहाबारा मिनिटांत काय झालं ते सगळं ठशात असतं. हे मी हळूहळू ओळखायला शिकलो. घाबरलेल्या माणसाच्या हनुवटीखाली एक घडी पडते. विश्वासानं बसलेल्याचा खालचा ओठ सैल असतो. बसवलेल्या माणसाचं आणि बसलेल्या माणसाचं कपाळ वेगळं असतं.

म्हणूनच या कामाच्या इतिहासातलं एक पान मला अस्वस्थ करतं, आणि त्याची सुरुवात आपल्याच मुंबईत होते. ऑक्टोबर १८५४ मध्ये श्लागिंटवाइट आडनावाचे तीन जर्मन भाऊ, हर्मान, अडोल्फ आणि रॉबर्ट, मुंबई बंदरात उतरले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कल्याणपर्यंतचा रूळ १८५४ च्याच मे महिन्यात सुरू झाला होता. भाऊ ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आले होते. पृथ्वीचं चुंबकत्व, हवामान, डोंगरांची उंची मोजायची हे त्यांचं काम. मुंबईहून दख्खन ओलांडून ते मद्रासकडं गेले, पुढं हिमालयापर्यंत फिरले. आणि वाटेत आणखी एक गोष्ट मोजत गेले, माणसांचे चेहरे. ठिकठिकाणच्या जिवंत माणसांच्या तोंडावर प्लास्टर लावून त्यांनी साचे घेतले. अडोल्फ १८५७ मध्ये काश्गरला मारला गेला. उरलेले दोघे परत गेले, आणि लाइपझिगच्या एका प्रकाशकानं २७५ चेहऱ्यांच्या प्लास्टरच्या आणि धातूच्या प्रती काढून युरोपातल्या संग्रहालयांना विकल्या. वंशांचे नमुने म्हणून.

त्यांतल्या काही मुखवट्यांचे फोटो मी तासन्‌तास पाहिले आहेत. डोळे घट्ट मिटलेले, भुवयांमध्ये आठी, ओठ आत ओढलेले. शास्त्रज्ञांना त्यात जातीचं आणि प्रांताचं नाक दिसलं. मला दिसतो तो प्लास्टर तापत असताना श्वास धरून बसलेला माणूस, ज्याच्या हातात चेंडू नव्हता. गंमत बघा, ज्यांना त्याच्याबद्दल काहीही जाणून घ्यायचं नव्हतं त्यांनीच त्याची भीती इतकी नेमकी जपून ठेवली. साचा घेणाऱ्याचा हेतू साचा पाळत नाही.

त्याच सुमाराची, सहा वर्षांनंतरची एक दुसरी गोष्ट याच्या शेजारी ठेवावीशी वाटते. १८६० च्या मे महिन्यात लिंकनना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली आणि शिल्पकार लेनर्ड व्होक त्यांच्या गावी जाऊन त्यांच्या हातांचे साचे घेऊन आले. अभिनंदनाला आलेल्यांशी हस्तांदोलन करून करून लिंकनचा उजवा हात सुजला होता. मुठीत धरायला काही हवं म्हणून लिंकन स्वतः बाहेर गेले आणि झाडूच्या दांड्याचा तुकडा कापून घेऊन आले. ठशात तो दांडा आहे आणि ती सूजही आहे. दोन हात शेजारी ठेवले तर उजवा स्पष्ट मोठा दिसतो. कुठल्याही शिल्पकारानं मातीत तो हात केला असता तर सूज वगळली असती, कारण ती लिंकनची नव्हे, त्या एका दिवसाची होती. मला तो दिवस फार मोलाचा वाटतो.

आता कलावंतांच्या आक्षेपाकडं येतो. तो जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. ब्रसेल्समध्ये १८७७ साली रोदाँनं एका तरुण बेल्जियन सैनिकाला उभं करून केलेला नग्न पुतळा मांडला तेव्हा तो इतका जिवंत वाटला की लोक म्हणाले, हा अंगावरून साचा काढलेला आहे. रोदाँचं आयुष्य त्या आरोपानं ढवळून निघालं. त्यानं त्या सैनिकाचे फोटो आणि अंगाचे साचे पुरावा म्हणून दिले: बघा, माझा पुतळा याच्याशी तंतोतंत जुळत नाही. १८८० मध्ये फ्रेंच सरकारनं पुतळा विकत घेतला आणि वाद मिटला. साच्याशी जुळत नाही हेच कलेचं प्रमाणपत्र ठरलं. ही समजूत आपल्याकडच्या कलाशिक्षणातही आली. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतींसमोर बसून रेखाटनं करत आले. म्हणजे साचा दगडावरून घेतलेला चालतो, मातीवरून घेतलेला चालतो, माणसावरून घेतलेला चालत नाही. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांनी तिथं शिकत असताना, १८९६ च्या सुमाराला, ‘मंदिरपथगामिनी’ ही मूर्ती केली तीही आज आपल्याला ठाऊक आहे ती प्लास्टरमध्ये. तिच्या मातीवर साचा चढलाच होता.

तरीही मातीतून माणूस उभा करण्याचं मोल मी कमी लेखत नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यात ते मोल कळायला लांब जावं लागत नाही. कल्याणचे सदाशिव साठे, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, त्यांचं शिल्पालय डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९६१ चा; दिल्लीत चांदनी चौकातल्या टाउन हॉलजवळचे गांधीजीही त्यांचे. भाऊ २०२१ मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन गेले. शिल्पालयात उभं राहिलं की चेहऱ्यांवर त्यांच्या अंगठ्याचे फराटे दिसतात. समोरच्या माणसाकडं पुन्हा पुन्हा बघून, ठेवून, काढून, परत ठेवून तो चेहरा जमला आहे. तिथं अंगठा शिल्पकाराचा असतो. माझ्या टेबलावरच्या हातात अंगठा मावशींचा आहे. दोन वेगळी कामं आहेत. माझा राग एवढ्यावरच आहे की एकाला काम म्हणायचं आणि दुसऱ्याला नक्कल.

साच्याची मर्यादा मला पुरती ठाऊक आहे. गेलेल्या आईचा फोटो घेऊन लोक येतात, हिचा चेहरा करून द्या म्हणतात. फोटोवरून साचा होत नाही. त्याला वेगळा हात लागतो. साईबाबा १९१८ साली गेले. शिर्डीच्या समाधीमंदिरातली संगमरवरी मूर्ती बाळाजी तालीम यांनी १९५४ मध्ये केली, छत्तीस वर्षांनी. तिथं समोर देह नव्हता. मला देह लागतो, तोही खुर्चीवर बसलेला, चालणाऱ्या श्वासासह.

या कामाला प्रतिष्ठा मिळाली ती अलीकडच्या साठसत्तर वर्षांत. अमेरिकेत जॉर्ज सीगलनं १९६१ पासून प्लास्टर बँडेज थेट मित्रांवर गुंडाळून पांढरी, खरबरीत माणसं केली. ब्रिटनच्या अँटनी गोर्मलीनं स्वतःच्याच अंगाचे साचे घेतले. त्याचे शंभर लोखंडी पुरुष लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर भरतीत बुडतात, ओहोटीत उघडे पडतात. पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधलं काम. १९७९ पासून जॉन अहर्न आणि रिगोबर्तो तोरेस या दोघांनी पडझडीला आलेल्या त्या वस्तीत फुटपाथवर खुर्ची टाकून शेजाऱ्यांचे साचे घेतले, ठसे रंगवले, इमारतींच्या भिंतींवर लावले. मुलं घोळका करून बघत असायची, आणि ठशाची एक प्रत बसणाऱ्याला घरी न्यायला मिळायची. तोरेस हे काम शिकला ते काकाच्या देवमूर्तींच्या कारखान्यात. हे वाचलं तेव्हा मला पेणच्या गणपती कारखान्यांची आणि कोपरीच्या ताडपत्रीची आठवण झाली. आपल्याकडं अशी कितीतरी पोरं आहेत, ज्यांना प्लास्टरची नस कळते, आणि ज्यांना कुणी कधी सांगितलं नाही की गणपतीच्या दोन हंगामांमध्ये आपल्या आजीचा हातही साच्यात घेता येतो.

या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण मात्र कलेचं नाही. ते कृत्रिम पायांचं आहे. रेल्वेलाइनच्या काठानं राहणाऱ्यांना हात-पाय गमावलेली माणसं ओळखीची असतात. पाय बसवायचा तर आधी उरलेल्या पायाचा, म्हणजे स्टम्पचा, साचा घ्यावा लागतो. मुंबईत हाजीअलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची केंद्रीय संस्था १९५५ पासून आहे, तिथं आणि अशा इतर कार्यशाळांत हे काम रोज चालतं. मोजा चढवून त्यावर खुणा करायच्या: हाड कुठं वर आलंय, कुठं दाबलं तर दुखतं, कुठं भार सोसेल. पेन्सिल अशी असते की खुणा ओल्या बँडेजमध्ये उतरतात आणि तिथून आत ओतलेल्या प्लास्टरवर. मग कारागीर तो ठसा तासतो. जिथं भार सोसेल तिथं थोडं खरवडायचं, जिथं दुखतं तिथं थोडं प्लास्टर चढवायचं, म्हणजे त्यावर बनलेल्या वाटीत त्या जागेला सैल बसेल. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला प्लिनी आठवला. तो रोमन ग्रंथकार सांगतो की सिक्यॉन गावच्या लायसिस्ट्रेटसनं, थोर शिल्पकार लायसिपसच्या भावानं, माणसाच्या चेहऱ्यावरून पहिल्यांदा प्लास्टरचा साचा घेतला, त्यात मेण ओतलं, आणि मग ते मेण हातानं दुरुस्त केलं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची ती दुरुस्ती इथं एका माणसाच्या चालण्यासाठी चालली होती. आणि योगायोग नव्हे, जयपूर फूट घडवताना डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासोबत होते ते रामचंद्र शर्मा डॉक्टर नव्हते, हाताचे कारागीर होते.

मी हे पाहिलं त्या कार्यशाळेतल्या कारागिरानं मला एकच गोष्ट सांगितली: पेशंटनं पाय ताठ धरला तर माप चुकतं. मोजा चढवायच्या आधी मी त्याच्याशी गावाबद्दल बोलतो, पाय सैल पडेपर्यंत.

एका रात्रीबद्दल सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. पाच वर्षांपूर्वी, रात्री दोनच्या सुमाराला फोन आला. ओळखीतल्या एकाचे वडील गेले होते. सकाळी नेणार होते. त्याआधी त्यांचा हात घेता येईल का? मी सामान उचललं आणि गेलो. वाद घालण्याची वेळ नव्हती, आणि मुलाचा आवाज ऐकून नाही म्हणणं मला जमलंही नसतं. हात थंड होता, त्यामुळं अल्जिनेट नेहमीपेक्षा सावकाश आळलं. मला सवयीनं बोलावंसं वाटत होतं, आता अर्धं झालं, आता थांबायचं. खोलीत बायका बसल्या होत्या, मी गप्प राहिलो. पहाटे घरी येऊन प्लास्टर ओतलं, सकाळी साचा फाडला. इतका निर्दोष ठसा मी तोवर काढला नव्हता. एक बुडबुडा नाही, एक दुहेरी रेघ नाही. नखाखालच्या कातडीपर्यंत सगळं स्वच्छ. मी तो हातात घेऊन खिडकीशी उभा राहिलो आणि मला कळेना की हा हात इतका जड का वाटतो. मग लक्षात आलं. जिवंत हात साच्याच्या विरुद्ध किंचित दाबत असतो. नाडी असते, स्नायू असतात, कंटाळा असतो. बोटं लगद्यात आपली जागा करून घेतात. या हातानं जागा मागितलीच नव्हती.

मुलानं तो ठसा घरात ठेवला आहे, आणि तो त्याला हवा आहे, यापलीकडं मला बोलायचा हक्क नाही. मी मात्र त्यानंतर घरी गेलो तेव्हा माझ्या वडिलांना विचारलं, तुमचा हात घेऊ का. ते म्हणाले, आता नको रे, चहा होऊ दे. चहा झाल्यावर घेतला. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळं ठशात प्रत्येक नखाला तीन-तीन कडा आहेत.

सध्या ठाणे, डोंबिवली, पुणे, सगळीकडं बाळांच्या पावलांचे ठसे काढून देणारे झाले आहेत, आणि ऑनलाइन किट मागवून घरीही लोक करतात. चांगलंच आहे. पण एक धोका मोठ्या अक्षरांत सांगतो. किटमधलं अल्जिनेट आणि ओतायचं प्लास्टर या दोन वेगळ्या पिशव्या असतात. प्लास्टरमध्ये हात किंवा पाय कधीही बुडवायचा नाही. सेट होताना प्लास्टर तापतं, जाड गोळा असेल तर कातडी भाजेल इतकं, आणि तोवर ते दगड झालेलं असतं, हात ओढून निघत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली एका शाळकरी मुलीनं कलेच्या तासाला प्लास्टरच्या बादलीत हात बुडवले आणि बोटं गमावली. प्लास्टर बँडेजचे पातळ थर वेगळे, प्लास्टरची बादली वेगळी. लहान मुलांच्या चेहऱ्याचा साचा घरी घेऊ नये. मी स्वतः बारा वर्षांखालच्या मुलाचा घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

पुढची प्रकरणं हातापासून सुरू होतात, मग पाऊल, मग पोट आणि पाठ, शेवटी चेहरा. हा क्रम सोपं ते अवघड असा आहेच, पण त्यात दुसरंही एक आहे. हात आपण अनोळखी माणसाच्याही हातात देतो. चेहरा द्यायला वेळ लागतो. मावशींनी हात पुढं केला तेव्हा पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, “माजा कशाला, सुनंचा घे, तिचा गोरा हाय.” मी म्हटलं, मावशी, मला हाच हवा आहे. त्यांनी हात पदराला पुसला, मग पुन्हा उठून साबणानं धुऊन आल्या.

तर पहिल्या प्रकरणासाठी लागेल ते असं: फिल्टरचं पाणी एक तांब्या, व्हॅसलिन, एक रुंद तोंडाचा डबा ज्यात पंजा बाजूंना न लागता मावेल, अल्जिनेट, आणि समोर बसायला तयार असलेलं एक माणूस. बांगड्या काढाव्यात असा आग्रह नको. फोन शेजारच्या खोलीत ठेवायला सांगा. त्यांनी नाही ठेवला तरी चालेल.